टाकीचा श्वास

बिघडलेल्या यंत्रापुढे माणसाचा स्वभाव कळतो. कुणी शिव्या देतो, कुणी लाथ मारतो, कुणी लगेच नवा भाग आणायला धावतो. यंत्राचे शांतपणे ऐकून घेणारा मात्र क्वचित भेटतो. तसा एक मिस्त्री धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळ्याला आहे. शाळा सुटली की मी पुष्कळदा त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतो.

त्याच्याकडे लाकूड कापायचे चेनसॉ दुरुस्तीला येतात. जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी १९२९ साली पेट्रोलवर चालणारी अशी करवत काढली, तेव्हा तिचे वजन ४६ किलो होते आणि ती धरायला दोन माणसे लागत. आता एकटा माणूस ती खांद्यावर टाकून नेतो. वळवाच्या वादळात आमच्या खानदेशात केळीच्या बागा झोपतात, रस्त्यांवर कडुनिंब आडवे होतात. तेव्हा हिच्यावर कितीतरी घरांची चूल पेटते.

अशाच एका वादळानंतर एक मजूर आपली करवत घेऊन आला. दहा मिनिटे झकास चाले आणि मग मान टाकी. एका दुकानदाराने त्याला सांगितले होते, पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही बदला. त्या पैशांसाठी तो बायकोची पोत गहाण टाकायला निघाला होता.

मिस्त्रीने करवत मांडीवर घेतली. "काय व्हयनं माय तुले?" म्हणाला. प्लग काढला. तो काळा, ओला असला तर पेट्रोल जादा. बदामी असला तर सारे ठीक. हा पांढुरका, कोरडा होता, म्हणजे पेट्रोल पुरेसे पोचत नव्हते. ठिणगी चांगली पडत होती. हवेची जाळी साफ होती. मग धूर सोडणारा डबा काढून त्याने आत डोकावून पाहिले. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिलिलिटर तेल घालायचे राहिले, की पिस्टनवर उभे ओरखडे उठतात. इथे एकही नव्हता.

सगळे पुन्हा जोडून त्याने मजुराला बाभळीचा ओंडका कापायला दिला आणि स्वतः स्वस्थ बसून राहिला. करवत बंद पडताच त्याने टाकीचे झाकण सैल केले. 'सूंऽ' करून हवा आत गेली. दोरी ओढताच करवत पुन्हा सुरू!

टाकीतले पेट्रोल सरते तशी त्या जागी हवा यावी लागते. तिच्यासाठी झाकणात ठेवलेले बारीक छिद्र भुशाने बुजले होते. टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहत होते. छिद्र साफ करायला पाच मिनिटे लागली. पोत गळ्यातच राहिली.

वर्गातही अशी पोरे असतात. पहिल्या तासाला तरतरीत, दुसऱ्याला मान टाकलेली. त्यांच्याविषयी 'डोकेच नाही' हे निदान झटकन निघते. मी अशा पोराला जवळ घेऊन विचारतो, "सकाळी काय खाऊन आलास रे?"

पुष्कळदा तो नुसता खाली बघतो. पिस्टन शाबूत असतो.