शाईच्या पेनाची किंमत

जुन्या शाईच्या पेनांचा नाद लागला तेव्हा मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते किमतींनी. काळं, सोनेरी क्लिपचं एक पेन पुण्याच्या जुन्या बाजारात फडक्यावर, गंजक्या किल्ल्यांच्या शेजारी पन्नास रुपयांना पडलेलं असतं. हुबेहूब तसंच दुसरं एखादा विक्रेता फोटो पाठवून बाराशेला सांगतो. यात कोण खरं बोलतोय? दोघंही खरं बोलत असू शकतात, हे उमगायला मला बरेच दिवस लागले.

किंमत ठरवायची तर आधी पेनाचं वय कळायला हवं. परदेशी पेनांचं त्या बाबतीत बरं आहे. चाळीसच्या दशकातल्या पुष्कळशा पार्कर पेनांच्या नळीवर छापाशेजारी एक आकडा असतो, तो सालाचा शेवटचा अंक. आपल्या स्वस्त पेनांना असला जन्मदाखला नाही. राजमहेंद्रीची रत्नम् पेनं १९३२ पासूनची, दांडेकर बंधूंनी मुंबईत घोडाछाप शाई काढली ती १९३१ मध्ये, एवढं सांगता येतं. पण हातातलं अमुक पेन कुठल्या वर्षी घडलं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. नळीवर ‘बॉम्बे’ असा छाप असला की ते बहुधा १९९५ च्या, म्हणजे शहराचं नाव बदलण्याच्या, आधीचं. माझा अंदाज तिथेच थांबायचा.

मग रत्नागिरीत जयस्तंभाजवळ राहणारे एक काका भेटले. कोर्टात कारकुनी केलेले, उभा जन्म शाईने लिहिलेले. त्यांच्यापुढे पेन ठेवलं की मी लगेच विचारायचे, “काका, कुठल्या कंपनीचं?” ते म्हणायचे, “नाव मागाहून बघ गो. आधी टोपण उघड.”

टोपणाच्या काठावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. केसाएवढी चीर असली तरी नख अडतं. चिरलेलं टोपण घट्ट बसत नाही, निब सुकते, आणि तसंच टोपण दुसरीकडे मिळणं मुश्कील. मग भिंगातून निब. मधली फट टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे, दोन्ही पाती एका पातळीत हवीत, आणि टोकाला कठीण धातूचा बारीकसा मणी शाबूत हवा. एक पातं वर चढलं असेल तर नखाने दाबून पुष्कळदा बसवता येतं. मणीच झिजला किंवा उडाला असेल तर निब बदलण्यावाचून इलाज नाही. निबेखालची जीभ काळी कुळकुळीत दिसली म्हणून घाबरायचं नाही, ती बहुतेक वाळलेली शाई असते आणि साध्या पाण्यात रात्रभर ठेवली की सुटते. शेवटी नळी अंगठ्याने जोरात चोळून हुंगायची. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, कापराचा आला तर सेल्युलॉइड. हा वास मला पहिल्यांदा आला तेव्हा झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही.

सोन्याचा भ्रमही काकांनीच घालवला. निब पिवळी दिसते म्हणून कुणी भाव चढवला तर छाप वाचायचा. १४ कॅरेट किंवा ५८५ अशासारखा शुद्धतेचा आकडा असेल तरच सोनं धरायचं. नुसतं ‘इरिडियम पॉइंट’ लिहिलेली निब बहुधा पोलादाची, वर मुलामा. टोकाजवळ मुलामा उडून पांढरं दिसायला लागतं. आणि खरी सोन्याची निब असली तरी तिच्यातलं सोनं क्वचितच ग्रॅमभर भरतं. निब मोडीत घालण्यापेक्षा तिने लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

रत्नागिरीत आणखी एक पारख लागते, ती हवेची. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यात पोलादी क्लिपा आतून गंजतात. बाहेरून चकचकीत दिसणारी क्लिप बोटाने जराशी उचलली तर मुळाशी तांबूस भुगा दिसतो. जुनं एबोनाइट पाण्यात, त्यातून ऊन पाण्यात राहिलं की शेवाळी पडतं, म्हणून मी फक्त निब आणि जीभ भिजवते. ड्रॉपरने भरायच्या पेनात आधी पाणी भरून, आट्यांभोवती टीपकागद गुंडाळून ते रात्रभर ठेवते. सकाळी कागद कोरडा असेल तर आटे चांगले.

एवढं शिकल्यावर परटवण्यातल्या एका काकूंनी डबा पुढे केला. यजमान शिक्षक होते. “ह्यांचे किती येतील गो?” त्यांचा प्रश्न सरळ होता, माझ्या मात्र पोटात गोळा आला. समोर एक हिरो, एक एअरमेल, दोन बिननावाची आणि एक नळीवर नाव कोरलेलं पेन होतं. हिरोचा घाट १९४१ च्या पार्कर ५१ वरून उचललेला, निब झाकलेली. ते अजून मुबलक मिळतं, म्हणून शंभर. एअरमेल धड, पण क्लिप गेलेली, दीडशे. नाव कोरलेल्या पेनाला बाजारात भाव कमी येतो, हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, “मग ते राहू दे माझ्याकडे.” मला वाटतं, संग्राहकांचा हा नियमच उफराटा आहे. मॅट्रिक झाल्यावर किंवा नोकरी लागल्यावर माणूस हौसेने नाव कोरून घ्यायचा, आणि ती नळी कुणाच्या हातातली हे सांगणारा तेवढाच पुरावा उरतो. माझ्याकडे असतं तर त्याला मी जास्त मोजले असते.

बिननावाच्या दोघांपैकी एकाची मात्र किंमत मला ठरवता आली नाही. हिरव्या-काळ्या लाटांचं एबोनाइट, नळीवर लेथची बारीक वर्तुळं, कुठेही छाप नाही, आणि लिहितं माझ्या सगळ्या पेनांत सुरेख. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे ते गावातच कुणीतरी करून दिलं होतं. ते मी विकत न घेता त्यांच्या परवानगीने वापरायला आणलंय. रत्नागिरी, चिपळूण, राजापूर भागात कुणाच्या घरी अशा लाटांचं पेन असेल, किंवा लेथवर पेनं करणारा कारागीर कुणाच्या आठवणीत असेल, तर टोपणाच्या आतल्या बाजूला काही खूण आहे का, तेवढं जरूर बघावं.