हमीदला खेळणं नको होतं का?

मुलांनो, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. सातवीत असताना मला हमीद मुळीच आवडत नव्हता.

हमीद म्हणजे मुन्शी प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेतला चार-पाच वर्षांचा पोरका मुलगा. कथा 1933 सालची. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती वाचली असेल, तरी थोडक्यात सांगतो. ईदच्या दिवशी गावातली मुलं जत्रेला निघतात. हमीदच्या खिशात अवघे तीन पैसे. बाकीची मुलं मातीची खेळणी घेतात. कुणी शिपाई, कुणी भिस्ती, कुणी वकील, तर कुणी धोबीण. हमीद मात्र लोखंडाचा चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळी काढताना त्याच्या आजीची, अमीनाची, बोटं भाजतात.

आमच्या सरांनी ती वर्गात हिंदीतून वाचली, मराठीतून समजावली आणि फळ्यावर प्रश्न लिहिला, ‘हमीदचे स्वभावचित्र रेखाटा.’ मी गाईड पाठ केलेलं होतं. हमीद त्यागी आहे, समंजस आहे, प्रेमळ आहे, विचारी आहे. पाचपैकी चार गुण मिळाले. त्यातलं एक अक्षरही माझं नव्हतं.

हमीदवर माझा राग का, ते सांगतो. आमचं गाव मानोरा तालुक्यात. वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला; मी सांगतोय ते 1991 सालचं, तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यातच होता. रामनवमीला पोहरादेवीची मोठी जत्रा भरते. देशभरातून बंजारा समाजाचे लोक येतात, नुसती माणसंच माणसं! त्या वर्षी मी शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून निघालो, तेव्हा आजीनं कनवटीचे सात रुपये मोजून दिले. दोन माझ्या खाऊला आणि पाच कंदिलाच्या काचेला. आमच्या कंदिलाची काच तडकली होती. आजीनं तिला कागद चिकटवला होता आणि तो काळा पडला होता.

जत्रेत एकाच्या परातीतल्या पाण्यात टिनाची बोट फिरत होती. आत तेलाची वात पेटवायची, की बोट टकटकटक करत गोल गोल धावायची. काचेचं दुकान तिथून दहा पावलांवर होतं. मी ती दहा पावलं गेलोच नाही. घरी येऊन सांगितलं, “आजी, गर्दीत पैसे पडले.” आजी म्हणाली, “जाऊ दे बावा, तू तर नाही ना हरवला!”

आणि काही महिन्यांनी हा हमीद वर्गात आला! तीन पैशांत चिमटा आणणारा! सर वाचत होते आणि मला वाटत होतं, हे पोरगं मुद्दाम मलाच हिणवायला कथेत घातलंय.

घरी आजीनं विचारलं, “काय शिकवलं आज?” ती भाकरी थापत होती. मी कथा सांगितली, जरा घाईघाईनंच. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं,

“त्या पोराले खेळनं नोको होतं काय रे?”

मी म्हणालो, “नको होतं. तो त्यागी होता.”

“चार वर्साचं लेकरू अन् त्यागी? पाह्य बरं पुस्तकात नीट.”

आजीला अक्षरओळख नव्हती. पण त्या रात्री त्याच काळ्या कंदिलाजवळ बसून तिच्या सांगण्यावरून मी कथा पुन्हा वाचली, आणि चकितच झालो. हमीदला खेळणं हवंच होतं! तो खेळण्यांकडे टक लावून बघतो. क्षणभर तरी हातात मिळावीत म्हणून हात पुढे करतो, पण मित्र देत नाहीत. मोहसीन त्याला रेवडी देतो देतो म्हणतो आणि स्वतःच्याच तोंडात टाकतो. मग हमीद मनाशी म्हणतो, मातीची तर आहेत, पडली की फुटतील. म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबटच की! दुकानदार चिमट्याचे सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो. हमीद छाती घट्ट करून तीन म्हणतो. सौदा जमल्यावर चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकून ऐटीत येतो आणि मग काय बढाया मारतो! माझा चिमटा वाघ, माझा चिमटा बहाद्दर! तुमची खेळणी काय टिकणार? सगळ्यांना गप्प करतो. गाईडमधल्या ‘समंजस’ मुलाला हे शोभतं का?

आणि खरी जागा तर पुढेच आहे. मित्रांचे चेहरे पडतात, ते चिमटा हातात घेऊन बघतात आणि आपली खेळणी हमीदच्या हातात देतात. तेव्हा हमीद त्यांची समजूत घालतो, मी तुम्हाला चिडवत होतो रे, या खेळण्यांची बरोबरी चिमट्याला कुठून येणार! लोक हे वाक्य समजुतीचं म्हणून वाचतात. मला वाटतं, त्यात थोडं खरंही आहे. दिवसभर दाबून ठेवलेलं तिथे बाहेर पडतं.

मी हे सगळं आजीला सांगितलं. ती म्हणाली, “मंग बरोबर. हवं होतं अन् तरी सोडलं. नोको असतं तर सोडलं काय?”

बरं का, कथेतल्या माणसाला विशेषणं चिकटवली की तो तिथेच थांबतो. त्याच्या मागोमाग चालावं लागतं. तो कुठे रेंगाळला, काय बोलला आणि बोलताना मनात काय होतं, हे बघत. आमच्या वाशीमशी याचा एक मजेचा संबंध आहे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या पंडितानं ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात एक कथा सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वळवायला गौरी साहित्यविद्येला पाठवते. ती त्याला दटावत नाही, तर देशोदेशी त्याच्यामागून फिरते, आणि शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्मात दोघांचं लग्न होतं. मोठेपणी हे वाचलं तेव्हा मला भाकरी थापणारी माझी आजी आठवली. तीही हमीदच्या मागून जत्रेत फिरली होती. मी मात्र घरूनच त्याला गुण देत होतो.

आजीनं आणखी एक विचारलं होतं. “चिमटा पाह्यल्यावर बुढी पह्यले रागावली कायले?” मी पुस्तकात पाहिलं. दुपार झाली, पोरानं काही खाल्लं नाही, प्यायलं नाही, म्हणून! आधी राग, मग कारण ऐकून रडू. प्रेमचंद म्हणतात, अमीना लहान मुलगी झाली होती आणि हमीद म्हातारा.

इथे माझा बांध फुटला. मी रडत रडत बोटीचं सांगून टाकलं. आजी हसली.

“मले मालूम होतं. घंगाळात टकटक वाजत जाय ना रे ते. मी काय बहिरी हाव?”

पुढे मी मास्तर झालो. आता वाशीममध्ये शिकवतो, आणि दरवर्षी ‘ईदगाह’ वर्गात वाचतोच, अभ्यासक्रमात असो वा नसो. स्वभावचित्र लिहायला सांगत नाही. पुस्तकातली एकेक जागा शोधायला सांगतो. रवींद्रनाथांच्या 1892 सालच्या ‘काबुलीवाला’त रहमतच्या छातीशी जपलेला, लेकीच्या काजळी हाताचा ठसा असलेला कागद मुलं पटकन शोधतात. ‘ईदगाह’मध्येही चिमटाच सगळ्यांना आधी दिसतो.

मागच्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र चिमट्याकडे गेलीच नाही. ती पैसे मोजत बसली होती. तिनं विचारलं, “सर, जुन्या काळी एका आण्याचे पैसे किती?” मी म्हणालो, “चार.” तिनं कथेच्या सुरुवातीच्या भागावर बोट ठेवलं. ईदच्या दिवशी अमीनाकडे सगळे मिळून दोन आणे उरलेले असतात. तीन पैसे हमीदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात.

“म्हणजे आठातले तीन दिले ना सर तिनं? आणि पाचात सण करायचा. शेवया, दूध, सगळंच. मग तीन पैसे कमी कुठे होते?”

इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. हमीदच्या चिमट्याच्या आधी अमीनाचे तीन पैसे येतात; कथा तिथून सुरू होते. मी तिला शाबासकी दिली आणि घंटा होईपर्यंत खुर्चीवर बसून राहिलो. त्या रामनवमीला सात रुपये मोजून दिल्यावर आजीच्या कनवटीला किती उरले होते, ते मी कधी विचारलंच नव्हतं.