जवारी लावताना

तानपुऱ्याचं काम शिकायला बसलं की पहिल्यांदा हातात येते ती घोडी. तबलीवर बसणारी ही हाडाची किंवा लाकडाची पट्टी. चारही तारा तिच्यावरून जातात. बघताना सपाट वाटते, पण बोट फिरवलं की किंचित उतार जाणवतो. छेडलेली तार या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद उठतो; हीच जवारी. तारेखालचा सुती दोरा केसभर सरकला तरी नाद खुलतो किंवा मिटतो. तार ज्या जागी छेडल्यावर एखादा उपस्वर उमटायला नको, तिथेही तानपुऱ्यातून तो ठळक ऐकू येतो. ही घोडीची आणि दोऱ्याची किमया आहे, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१च्या निबंधात दाखवलं.

पुण्यात पेठेतल्या ज्या काकांकडे मी शिकतो, ते नवशिक्याच्या हाती लगेच कानस देत नाहीत. "आधी ऐका. खर्जातून गंधार येतोय का सांगा." गाणं ऐकताना आपण स्वरामागे जातो, इथे एकाच स्वरापाशी बसून तो कुठे करकरतो, कुठे विझतो ते शोधायचं. मग कानशीचा एक हलका हात, पुन्हा तार चढवायची, पुन्हा ऐकायचं. घासलेलं परत भरता येत नाही.

या विद्येचं माहेर मिरज. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यानं एकोणिसाव्या शतकात तिथे तारवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणि तूणाचं लाकूड यांतून उभ्या राहिलेल्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पात्यावरून नेमकं किती काढायचं हे जाणणारा हात जवारीकडे वळला, यात मला मोठी संगती दिसते.

पण हातापेक्षा अवघड आहे तो कान. एका गायकाला खुली जवारी हवी असते, दुसऱ्याला बंद. कारागिराची स्वतःची आवड तिथे चालत नाही. ज्याच्या गळ्यामागे हा तानपुरा वाजणार, त्याच्या कानानं ऐकावं लागतं. दुसऱ्यासाठी इतकं निगुतीनं ऐकणं हीच या कामातली खरी साधना, असं मला आता ठामपणे वाटतं. मोबाइलमधला तानपुरा सुरात असतो, सोयीचाही असतो. पण समोरचा गळा ऐकून त्याची घोडी कुणी घासलेली नसते.

१९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकणाऱ्या पुण्याला गायकांची घराणी तोंडपाठ आहेत. वाद्य घडवणाऱ्यांची घराणीही आपल्याला ठाऊक असायला हवीत. वाद्य दुरुस्तीला द्याल तेव्हा ते ठेवून निघून येऊ नका. थोडा वेळ काम बघत बसा. आणि मैफलीचं निवेदन तुमच्याकडे असेल, तर साथीदारांपाठोपाठ तानपुरा घडवणाऱ्याचंही नाव घ्या.