शिदोरी

प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती शिदोरी द्यावी, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. वाट दूरची असली, की आई दोन भाकऱ्या अधिकच बांधते. परंतु प्रेमाने दिलेली शिदोरी नम्रपणे परत करून परक्या मुलखात पाऊल टाकणारे दोन वाटसरू भारतात निघाले होते.

ही गोष्ट १९६२ सालची. सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे तरुण विनोबा भावे यांचे अनुयायी होते. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांना अण्वस्त्रविरोधी चळवळीपायी वयाच्या ८९व्या वर्षी कारावास घडला, ही वार्ता त्यांनी वाचली. एवढा वृद्ध मनुष्य जगाच्या शांततेसाठी तुरुंगात जातो आणि आपण तरुण स्वस्थ बसतो, या विचाराने ते अस्वस्थ झाले. मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टन या चार राजधान्यांपर्यंत पायी जाऊन शांततेचा संदेश पोहोचवावा, असे त्यांनी ठरविले.

आशीर्वादासाठी ते विनोबांकडे गेले. भूदानासाठी गावोगाव पायी हिंडणाऱ्या विनोबांनी त्यांना सांगितले, की जवळ पैसा बाळगू नका. त्यामागील विचार साधा होता. पैसा असला म्हणजे थकलेला पांथस्थ खाणावळीत जेवतो, धर्मशाळेत निजतो आणि कोणाशी न बोलता पुढे जातो. पैसा नसला म्हणजे त्याला लोकांची दारे ठोठवावी लागतात. आणि दार उघडले, की मनेही उघडतात.

दिल्लीला राजघाटावर गांधीजींच्या समाधीला वंदन करून दोघे निघाले. पाकिस्तानच्या सीमेवर निरोप द्यायला आलेल्या स्नेह्यांनी खाद्यपदार्थांच्या पुड्या पुढे केल्या. फाळणीच्या जखमा अद्याप ओल्या होत्या. पलीकडे यांना कोण जेवू घालणार, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. दोघांनाही भूक लागणारच होती. तरी त्यांनी पुड्या घेतल्या नाहीत. त्या पुड्यांत अन्नाबरोबर अविश्वासही बांधलेला आहे, असे त्यांना वाटले. जेवण सोबत घेऊन गेलो, तर तेथील लोकांना काय सांगणार? तुमच्यावर आमचा भरवसा नव्हता, हेच ना!

सीमा ओलांडून ते थोडेसे पुढे गेले, तोच एका अनोळखी गृहस्थाने त्यांना हटकले. शांततेसाठी निघालेले ते दोन भारतीय तुम्हीच का, असे त्याने विचारले. त्यांची वार्ता त्याच्या कानी आधीच आली होती आणि तो त्यांच्याच शोधात होता. त्याने त्यांना लाहोरला आपल्या घरी पाहुणे म्हणून बोलाविले. ज्याला शत्रू म्हणावयाचे, तो स्वतःच यजमान होऊन सामोरा आला!

पुढे अफगाणिस्तान व इराण ओलांडून ते सोव्हिएत संघातील जॉर्जियात पोहोचले. तेथे चहाच्या एका कारखान्यातील स्त्रियांनी त्यांना चहा पाजला. त्यांतील एकीने चहाच्या चार पुड्या आणून दिल्या. चार राजधान्यांतील चार सत्ताधीशांना त्या द्यावयाच्या आणि निरोप सांगावयाचा, की अण्वस्त्राची कळ दाबण्याचा विचार मनात आलाच, तर क्षणभर थांबा आणि हा चहा घ्या. सीमेवर पुड्या नाकारणाऱ्या त्या वाटसरूंनी या पुड्या मात्र प्राणापलीकडे जपल्या. कारण त्या भीतीने नव्हे, विश्वासाने बांधलेल्या होत्या.

वाट सर्वत्र सुखाची नव्हती. कधी अन्न मिळाले नाही. त्या दिवशी उपवास घडला, असे त्यांनी मानले. पॅरिसमध्ये त्यांना अटकही झाली. समुद्र मात्र जहाजाने ओलांडावा लागला. ते अमेरिकेत पोहोचण्यापूर्वीच, १९६३ च्या नोव्हेंबरात, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. गांधीजींच्या समाधीपासून निघालेली ही यात्रा केनेडींच्या समाधीपाशी संपली. बंदुकीच्या गोळीने ज्यांचा अंत झाला, अशा दोन पुरुषांच्या समाधींमध्ये सुमारे ८,००० मैलांची वाट पसरली होती. आणि त्या वाटेवर ठिकठिकाणी अनोळखी माणसांनी उघडलेली दारे होती.

विश्वास म्हणजे आंधळेपणा नव्हे. त्या दोघांनी आपला हेतू कोणापासून लपविला नाही, एकमेकांची साथ सोडली नाही आणि कष्टांची तयारीही ठेवली होती. परंतु माणसाला चांगुलपणा दाखविण्याची संधी आधी द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. शिदोरी मागे ठेवली, म्हणूनच इतक्या घरांतील भाकरी त्यांच्या वाट्याला आली.