पाठीचा पीळ
थळची माझी भाची १३ वर्षांची. एक खांदा वर, म्हणून घरीदारी एकच जप, ‘नीट उभी राहा गं!’ एक्स-रेत निघाला स्कोलिओसिस. यात कणा नुसता बाजूला वाकत नाही, त्याला दोरासारखा पीळही पडतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत प्रत्येक मणक्यावर डोळ्यांसारख्या दोन सावल्या दिसतात. मणका फिरला की एक मध्याकडे सरकते, दुसरी कडेला जाऊन दिसेनाशी होते. नॅश आणि मो यांनी १९६९ साली यावरूनच पिळाच्या ० ते ४ पायऱ्या ठरवल्या. फिल्म बघून भाचीने विचारलं, “मामा, म्हणजे मी मुद्दाम वाकडी उभी राहत नव्हते ना?” तुमच्याही घरातल्या वाढत्या मुलांना एकदा पुढे वाकायला सांगा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर ओरडू नका, सरळ ऑर्थोपेडिककडे न्या.