खंडेनवमीच्या पाटावरील दोन नळकांडी

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर हत्यारे मांडतात. त्यांत कोयता, अडकित्ता, आजोबांची मोजणीची साखळी आणि पोलादाची दोन आखूड नळकांडी असत. ती नळकांडी कशाची, हे घरात कधी कोणी विचारले नव्हते. उसाच्या चरकाचा काही भाग असावा, अशी आमची समजूत. आजोबांची तीनशेपंधराची रायफल वडिलांनी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानाधारक विक्रेत्याच्या स्वाधीन केली. पेटीच्या तळाशी ही दोन तेवढी राहिली आणि गंधाक्षतेची मानकरी झाली.

गतवर्षी आमचा अमेरिकेतील पुतण्या दसऱ्यास आदिलाबादेस आला होता. तो तिकडे नेमबाजी करतो व आपली काडतुसे स्वहस्ते भरतो. त्याने एक नळकांडे उजेडाकडे धरले आणि म्हणाला, "काका, ह्या काडतुसे पुन्हा भरण्याच्या डाय आहेत."

आम्ही चकित झालो. मग फराळ बाजूला राहिला आणि ओसरीवर त्याचे व्याख्यान रंगले. बार उडाला की पितळी पुंगळी रायफलीच्या कोठीभर फुगते. ती पुन्हा वापरावयाची तर एका डायमध्ये दाबून मूळ मापावर आणावी लागते. टोपी बदलून दारू भरल्यावर दुसऱ्या डायने गोळी तिच्या तोंडात बसवितात. निवडीचा खरा पेच पहिल्या डायपाशी. सबंध पुंगळी आवळणारी घ्यावी, की केवळ मान आवळणारी? सबंध आवळली तर काडतूस त्या मापाच्या कोणत्याही रायफलीत निर्वेध जाते, परंतु पितळ वारंवार ताणले जाऊन बुडाजवळ पातळ होते आणि एखाद्या वेळी तेथेच तडकते. मानच आवळली तर पितळ अधिक टिकते. मात्र ते काडतूस ज्या रायफलीतून उडाले तिचेच होऊन राहते. रानात जाणाऱ्याने पहिली घ्यावी, निशाणावर नेम धरणाऱ्याने दुसरी, असे त्याचे मत. वंगणात कसूर झाली तर पुंगळी आत अडकून बसते. आमच्या एका नळकांड्यात तशा ओरखड्यांच्या रेषा होत्या. आजोबांनी कधीतरी घाई केली असावी.

ओघात त्याने एक गंमत सांगितली. पुंगळीच्या टोपीच्या दोन पद्धती आहेत. इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकन बर्डनची युरोपात! बर्डनच्या पुंगळीतील जुनी टोपी काढणे जिकिरीचे, म्हणून हौशी माणसाने डाय घेण्यापूर्वी आपल्या पुंगळ्या कोणत्या जातीच्या आहेत ते पाहावे. आमच्याकडे तीनशेपंधराचे माप आले तेही इंग्रजांच्या सावधगिरीतून. सैन्याची ०.३०३ ची काडतुसे खासगी बंदुकीत चालू नयेत, हा त्यांचा हेतू.

रात्री मात्र आम्हांस झोप लागेना. नोकरीत शस्त्रपरवान्यांच्या फायली आमच्या टेबलावरून गेल्या होत्या. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या दुसऱ्या कलमातील 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या आम्ही इतरांना वाचून दाखविलेली. तीत दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे इतकी वर्षे आम्ही विनापरवाना दारूगोळ्यास हळदकुंकू वाहत होतो! ज्याने इतरांच्या अर्जांतील एकेका शब्दावर बोट ठेवले त्याच्याच देवघरात हे निघावे, याची लाज वाटली.

धाकट्या बंधूंचे म्हणणे, गुपचूप पैनगंगेत विसर्जन करावे. सौभाग्यवतींचे म्हणणे, पुजलेली वस्तू ठाण्यात कशी न्यावी? पुतण्यास त्या आपल्याबरोबर नेण्याचा मोह झाला होता. तो आम्ही तत्काळ मोडून काढला. कलम २१ स्पष्ट आहे. जवळ बाळगणे बेकायदा ठरलेली वस्तू विनाविलंब नजीकच्या ठाण्यात जमा करावी.

एकादशीच्या सकाळी अर्ज लिहून आम्ही गेलो. तेथील तरुण कर्मचाऱ्याने नळकांडी उलटसुलट पाहिली आणि नोंदवहीत 'लोखंडी पाइप, नग दोन' असे लिहिले. आम्ही ते खोडावयास सांगितले. मग डाय म्हणजे काय, सबंध पुंगळी आवळणे म्हणजे काय, हे आदल्याच दिवशी ऐकलेले सर्व त्यास समजावून सांगता सांगता पाऊण तास गेला, आणि पावती हाती पडेपर्यंत दुपारचे बारा वाजले.