अम्मीची कळण्याची भाकरी

आमचं बालपण धुळ्यात गेलं. घरात रोज कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेल्या पिठाची. सोबत ठेचा, कच्चा कांदा, हिवाळ्यात वांग्याचं भरीत. मात्र मेहमान आले की अम्मी भाकरीची टोपली झाकून ठेवायची आणि दस्तरखानावर गव्हाच्या पोळ्या मांडायची. भाकरी गरिबीची, पोळी इज्जतीची, हे आम्हीही न सांगता शिकलो.

पुढे जळगावात नोकरी लागली. हातात पैसा आला आणि भाकरी घरातून गेली. मैद्याचे नान, बिर्याणी. रमजानात इफ्तारला भजी, समोसे, गोड सरबत. अम्मीला मधुमेह झाला. पायाची जखम चिघळली, दोन बोटं कापावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी काय खात होता?" अम्मी लाजत म्हणाली, "कळण्याची भाकरी." ते म्हणाले, "मग सोडली कशाला?" आम्ही खाली मान घातली.

ज्वारीत लायसिन कमी असतं, ते उडीद भरून काढतो. दोन्हींत चोथाही भरपूर. आमच्या निरक्षर आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिच्या जात्यातून हेच पीठ पडत होतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा आम्हाला आमची झाकलेली टोपली आठवली.

भाकरी म्हणजे औषध नव्हे. अम्मीच्या गोळ्या चालूच आहेत, भाकरीही मोजूनच. पण आता सहरीला घरात तवा तापतो, आणि मेहमान आले तरी टोपली उघडीच असते.